केरसुणी कुठे ठेवाल? इंटेरियर डिझाइन शिकणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

इंटेरियर डिझाइनच्या पदवीला प्रवेश घ्यायचं ठरवल्याबद्दल अभिनंदन. पुढची चार वर्षं 'म्हणजे पडदे वगैरे ना?' हा प्रश्न तुम्हाला लग्नात, बारशाला आणि शेअर रिक्षातही विचारला जाईल. त्याला सरळ 'हो' म्हणावं. 'नाही, स्पेस प्लॅनिंग' असं उत्तर दिलंत की समोरच्या काकू गप्प होतात आणि थोड्या वेळाने तुमच्या आईला बाजूला घेऊन विचारतात, 'बारावीला कमी पडले का गं मार्क?'

या सूचना लिहिणारी बाई हाच धंदा करते आणि वर्षातून दोन-तीनदा कुठल्या ना कुठल्या कॉलेजात ज्युरी म्हणून बसते. ज्युरीला चहा मिळतो, बटाटेवडा मिळतो आणि मानधनाचा चेक पुढच्या सत्रात मिळतो. तेव्हा सूचना अनुभवाच्या आहेत. पाळल्याच पाहिजेत असं नाही.

प्रवेशाआधी

परीक्षा भरपूर आहेत. आयआयटी मुंबई घेते ती युसीड, एनआयडीची डॅट, अहमदाबादच्या सेप्टची आणखी वेगळी तऱ्हा, मन बदलून आर्किटेक्चरकडे वळलात तर नाटा. सगळ्यांचे फॉर्म भरावेत. पास होण्याचा प्रश्न नंतरचा, पण एवढ्या फिया भरल्यावर वडिलांना विषयाचं गांभीर्य पटतं.

महाराष्ट्रातल्या मुलांकडे आणखी एक शिदोरी असते : शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. तांब्या, वांगं आणि मागे चुण्या पाडून टांगलेला कापडाचा तुकडा समोर ठेवून आपण सगळ्यांनी वांग्याची चकाकी पांढरी सोडायला शिकलो. इंटेरियरच्या चार वर्षांत वांगं एकदाही काढावं लागत नाही. उपयोग होईल तो स्मरणचित्राचा. 'जत्रा' किंवा 'एसटी स्टँड' असा विषय मिळाला की आपण कागदभर माणसं काढायचो. कुणी डोक्यावर बोचकं घेतलेलं, कुणी पोराला ओढत नेणारं. ही सवय कॉलेजात मोडेल, कारण इंटेरियरच्या ड्रॉइंगमध्ये माणसांना प्रवेश नसतो. शक्य झालं तर चोरून टिकवावी.

कॉलेज निवडताना ब्रोशर बघू नये. ब्रोशरवर एक मुलगी पिवळं हेल्मेट घालून हसत असते. ते हेल्मेट नंतर कुणालाच दिसत नाही. वय बघायचं असेल तर मुंबईचं जे. जे. १८५७ सालचं, एनआयडी १९६१ची, सेप्टमधला इंटेरियरचा अभ्यासक्रम १९९१चा आणि तुमच्या घराजवळचं खासगी विद्यापीठ बहुधा गेल्या पावसाळ्यानंतरचं. पण वयावरही जाऊ नये. कॉलेजात सुतारकामाची कार्यशाळा आहे का, आणि तिला कुलूप आहे का, एवढं पाहून यावं. कुलपावर धूळ असेल तर फी कमी करून मागावी. करणार नाहीत, पण मागावी.

साहित्य

ए-वन कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा असतो. तो गुंडाळून ठेवायचा प्लॅस्टिकचा लांब डबा पाठीवर अडकवून पीएमपीएमएलच्या बसमध्ये चढायचं, हा अभ्यासक्रमातला पहिला प्रॅक्टिकल. वळताना 'सॉरी' आधी म्हणावं, मग वळावं. बाकी टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, पेनं, सनबोर्ड, फोमबोर्ड, कटर वगैरे यादी कॉलेज देतंच आणि दुकानदार त्यात भर घालतो. फेविक्विकने बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका. कोमट पाणी, साबण, नाहीतर मैत्रिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर.

यादीत सगळ्यात खाली आणि सगळ्यात स्वस्त असतो तो पाच मीटरचा टेप. तो सॅकमध्ये ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा. उडप्याच्या हॉटेलातलं टेबल, देवळाची पायरी, डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला बाक, मामाच्या घरातलं बाथरूमचं दार, सगळं मोजावं. बसायला बरं वाटलं तर का, गुडघा आपटला तर कशाला, हे आकड्यात लिहून ठेवावं. लोक बघतात. बघू द्यावं.

पहिलं वर्ष

पहिल्या सत्रात 'बेसिक डिझाइन' असतं. काळ्या कागदाचे चौकोन कापून पांढऱ्या कागदावर चिकटवायचे, मग तेच चौकोन 'तणाव' दाखवतील असे चिकटवायचे, मग 'समतोल'. हे सगळं कुठून आलं असं घरी विचारलं तर जर्मनीकडे बोट दाखवावं. १९१९ साली वायमारमध्ये बाउहाउस ही शाळा निघाली आणि तिथे योहानेस इटेन नावाच्या मास्तरांनी सगळ्यांना आधी पायाभूत वर्गात बसवायची रीत घातली. इटेन वर्गाची सुरुवात श्वसनाच्या व्यायामाने करत. आपल्याकडे तेवढं सोडून बाकी सगळं आलं. वास्तविक सबमिशनच्या आदल्या रात्री गरज त्याचीच असते.

इतिहासाच्या तासाला खुर्च्या पाठ कराव्या लागतात. मीस व्हॅन डर रोहची बार्सिलोना चेअर, १९२९. स्पेनचे राजाराणी प्रदर्शनात येणार म्हणून केलेली. आज तिच्या नकला हिंजवडीतल्या निम्म्या रिसेप्शनमध्ये आहेत आणि त्यांवर कुरिअरवाले बसतात. चार्ल्स आणि रे इम्स या जोडप्याचं नावही येतं. त्यांचं प्रकरण मात्र नीट वाचावं, कारण ते आपल्या घरात शिरलेलं आहे. १९५८ साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून त्यांनी देशभर हिंडून एक अहवाल लिहिला आणि त्यात सगळ्यात जास्त मान कशाला दिला असेल तर तांब्याला. तो कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो, घासायला हात आत जातो का, ओतताना धार कशी पडते. त्या अहवालातून पुढे एनआयडी उभी राहिली. म्हणजे देशातली डिझाइनची मोठी संस्था एका तांब्यावर उभी आहे, आणि आपण त्याच तांब्यात मनी प्लांट लावून 'रस्टिक कॉर्नर' म्हणतो.

ओटा

इथे जरा थांबावं लागेल, कारण दुसऱ्या वर्षी तुम्हाला स्वयंपाकघर काढायला सांगतात आणि त्या वेळी वर्गातल्या बहुतेकांनी आयुष्यात मॅगी सोडून काही शिजवलेलं नसतं.

यात लाज वाटायचं कारण नाही, परंपरा मोठी आहे. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी म्हणजे १९२६चं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी रेल्वेच्या डायनिंग कारचा अभ्यास करून, पावलं आणि मिनिटं मोजून, जेमतेम सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फुटांत ते बसवलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. पुढे म्हातारपणी बाईंनी स्वतःच सांगून टाकलं की तेव्हा त्यांनी ना कधी घर चालवलं होतं, ना स्वयंपाक केला होता. पण त्यांनी निदान मोजलं तरी होतं. तुम्ही काय करता? पुस्तक उघडता.

पुस्तकं दोन. नॉयफर्टचं, १९३६ सालचं, जर्मन. आणि पॅनेरो-झेलनिकचं, १९७९ सालचं, अमेरिकन. दोन्ही उत्तम आहेत आणि दोन्हींतली माणसं तुमच्या आईपेक्षा उंच आहेत. तिकडे ओट्याची उंची छत्तीस इंच चालते. आता टेप काढा. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर जमिनीपासून सदतीस-अडतीस इंचांवर येतो. उभ्याने हलकं काम करायचं तर हाताखालची पातळी कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवी, जोर लावायचा तर आणखी खाली. म्हणजे भाजी चिरायला बत्तीस-तेहतीस इंच ठीक. पोळ्या लाटताना जोर लागतो आणि पोळपाटाची स्वतःची उंची वर चढते, तिथे तीस बरे. आणि गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की बर्नर आणखी चार-पाच इंच वर जातो. छत्तीसचा ओटा, त्यावर शेगडी, त्यावर पाच लिटरचा कुकर : शिट्टी हनुवटीपाशी. आत डाळ शिजली की नाही हे बघायला ती बाई पाट ओढून त्यावर उभी राहते. तुमच्या थ्रीडीत तो पाट नसतो. तिच्या घरात तो शेगडीखालीच असतो आणि येताजाता सगळ्यांच्या करंगळीला लागतो.

एनआयडीतून १९९७ साली भारतीय शरीरमापांचं पुस्तक निघालं आहे, देबकुमार चक्रवर्तींचं. लायब्ररीत ते कोरं करकरीत सापडतं.

तर ओट्याची उंची किती लिहायची? ज्युरीपुरतं ८५० लिहावं. साडेतेहतीस इंच होतात, कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात मात्र त्या बाईला उभं करून, हात कोपरात वाकवायला सांगून, मोजावं. जमलं तर लाटायचा कोपरा खाली आणि शेगडीची जागा त्याहूनही खाली घ्यावी. ग्रॅनाइटवाला कटकट करेल. त्याला पोळ्या लाटायच्या नाहीत.

गृहपाठ : आठवडाभर घरातल्या पोळ्या तुम्ही करायच्या. मुलग्यांनीही, त्यांनी आधी.

रेंडर

तिसऱ्या वर्षापर्यंत तुम्ही संगणकावर असं घर उभं कराल की आईलाही ते खरं वाटेल. कृती सोपी आहे. पांढरा सोफा घ्या. काचेच्या बाउलमध्ये हिरवी सफरचंदं ठेवा, खाऊ नका. कोपऱ्यात मोठ्या पानांचं झाड. खिडकीबाहेर बर्फाचा डोंगर. साइट डोंबिवलीची असली तरी चालतं. हातात कॉफीचा मग घेतलेली एक पाठमोरी परदेशी बाई उभी करा, तिचं वय वर्षानुवर्षं बदलत नाही.

आता ते चित्र बाजूला ठेवून एखाद्या खऱ्या टू-बीएचकेत जा आणि तिथे काय काय आहे ते लिहून काढा. गणपतीचं मखर, घडी होत नाही ते. पाहुण्यांच्या गाद्या. साखरेच्या रिकाम्या बरण्या. टीव्हीचा खोका, वॉरंटी संपून सहा वर्षं झाली तरी. पिशव्या भरलेली पिशवी. आजोबांचा वॉकर. पापडांचा डबा, कुरडयांचा डबा, आणि आत काय आहे हे कुणालाच न आठवणारा पत्र्याचा डबा. शिडी. केरसुणी, फरशी पुसायचं फडकं, बादली. सफरचंदं नाहीत.

मी ज्युरीला गेले की एकच प्रश्न विचारते : केरसुणी कुठे ठेवलीस? मुलं प्लॅनकडे बघतात, एकमेकांकडे बघतात. एक मुलगा म्हणाला होता, 'मॅम, व्हॅक्यूम क्लीनर.' मग तो कुठे, म्हटलं. जुन्या वाड्यांत हा प्रश्न कुणी विचारला नसता, कारण भिंतच हातभर जाड असे आणि तिच्या पोटात कोनाडे, फडताळं असत. दिवा कोनाड्यात, लोणचं फडताळात, भांडी मांडणीवर, केरसुणी दारामागे. आताची भिंत चार इंचांची. तिच्या पोटात फक्त वायर मावते. त्यामुळे पूर्वी जे भिंत करायची ते सगळं आता तुम्ही करायचं आहे, तेही माळा बंद करून फॉल्स सीलिंग दाखवल्यावर.

ज्युरी

आदल्या रात्री सगळे 'नाइट मारतात'. झोपलेला विद्यार्थी ज्युरीला संशयास्पद वाटतो, म्हणून डोळे लाल असावेत. कॉन्सेप्ट ही प्लॅन झाल्यावर शोधायची गोष्ट आहे. फुलपाखरू, लाट, कमळ, सह्याद्री यांपैकी काहीही बँकेच्या शाखेलाही लागू पडतं. 'फ्लो', 'नॅरेटिव्ह' आणि 'ऑर्गॅनिक' हे तीन शब्द प्रत्येकी एकदाच वापरावेत. दुसऱ्यांदा वापरले की ज्युरी वडा खाली ठेवून बघायला लागते. आणि काहीही करा, संडासाचं दार बेसिनवर आपटत नाही ना ते बघून घ्या. फुलपाखराबद्दल कुणी बोलत नाही. दाराबद्दल बोलतात.

साइट

इंटर्नशिपला पहिल्या दिवशी तुम्ही मिलिमीटरमधलं ड्रॉइंग घेऊन जाल. मुंबई-पुण्यातला सुतार बरेचदा राजस्थानचा असतो. तो कागद उलटा धरेल, सुलटा धरेल आणि म्हणेल, 'मॅडम, फूट में बोलिए.' मग सूत शिकावं लागतं. इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर. 'पौने आठ फूट, दो सूत कम' हे ऐकून डोळ्यांपुढे माप उभं राहायला लागलं की पदवी निम्मी झाली असं समजावं.

त्याच्याजवळ गुण्या असतो. खोलीच्या कोपऱ्यात तो गुण्या धरायला लावा. एक बाजू भिंतीला टेकते आणि दुसऱ्या बाजूला टोकाशी बोट जाईल एवढी फट दिसते. तुम्ही कॉलेजात काढलेल्या यच्चयावत खोल्या काटकोनात होत्या. बिल्डरने बांधलेली एकही नसते. म्हणून कपाट भिंतीच्या मापाचं करायचं नाही, थोडं आत करायचं आणि उरलेली फट पट्टीने झाकायची. ही पट्टी कुठल्याही पुस्तकात नाही. सगळा धंदा तिच्यावर चालतो.

प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फूट, २४४० बाय १२२०. ज्याने आठ फूट दोन इंचांचं कपाट काढलं तो शीटच्या बाहेर गेला आणि ग्राहकाच्या बजेटच्याही. ड्रॉवर काढताना दोन्ही बाजूंना चॅनेलसाठी अर्धा-अर्धा इंच सोडा; न सोडल्यास ड्रॉवर सुरेख होतो आणि बाहेरच राहतो. ओल्या जागी आयएस ७१०चं प्लाय, कोरड्या जागी ३०३चं चालतं, आणि शीटवर छापलेलं सगळंच खरं नसतं, म्हणून कापलेली कड बघायला शिकावं : थरांमध्ये पोकळी दिसली की शीट परत. हे शिकायला पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे, दिव्यांसाठी मुंबईत लोहार चाळ, जुन्या वस्तूंसाठी चोर बाजारातली मटन स्ट्रीट. तिथे कॉलेजचं आयकार्ड दाखवू नये. भाव वाढतो.

कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. ग्राहक म्हणतो, 'शेजाऱ्यांनी काढलाय.' शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं ते त्याला सांगावं.

वास्तुशास्त्र अभ्यासक्रमात नसतं, पण ग्राहकाच्या घरात असतं. देवघर ईशान्येला, शेगडी आग्नेयेला, हे ठरवून झाल्यावर तो तुम्हाला बोलावतो. वाद घालू नका. कुणाच्या श्रद्धेमुळे दोन गोष्टींची जागा आधीच पक्की झाली तर उरलेलं घर उलट लवकर सुटतं. फक्त आग्नेयेला संडास निघाला आणि तो हलवा म्हणाले, तर प्लंबर आणि खालच्या मजल्यावरचे काका यांना एकाच वेळी साइटवर बोलवावं.

पदवीनंतर

भारतात 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२च्या कायद्याने राखून ठेवलेली आहे; काउन्सिलकडे नोंदणी नसताना ती लावता येत नाही. त्याच वर्षी इंटेरियर डिझायनरांचीही संस्था निघाली, पण तिच्या सभासदत्वाची सक्ती कायदा करत नाही. त्यामुळे चार वर्षं शिकून बाहेर पडलेल्या तुमच्या पाटीवर आणि गल्लीतल्या सोफा-कव्हरवाल्याच्या पाटीवर तोच शब्द असेल, आणि त्याची पाटी मोठी असेल, दिव्यांची. चिडू नका. त्याच्याकडे कापडाचं ज्ञान तुमच्यापेक्षा जास्त आहे, ओळख करून घ्या.

पहिलं काम नात्यातलं असतं. आत्या फोन करते, 'अगं, फक्त हॉलचा रंग सांग.' रंग सांगावा, आत्या आहे. पण त्यानंतर आत्याच्या ओळखीतले कुणी गृहस्थ रात्री अकराला इटलीतल्या बंगल्याचे चौदा फोटो पाठवून लिहितात, 'सेम असंच हवंय, आपलं बजेट साडेतीन लाख, थ्रीडी कधी मिळेल?' त्यांना 'आपण' नाही, 'तुम्ही' लिहावं, उत्तर सकाळी द्यावं, आधी घर मोजायला जावं, मोजायला जाताना घरातल्या बाईला घरी राहायला सांगावं, आणि पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत एकही थ्रीडी पाठवू नये. पाठवलात तर ते सुताराला दाखवून काम करून घेतात, आणि ओटा छत्तीस इंचांचा होतो.